सदतिसातून सदतीस

खिळेकाका. वय वर्षे त्र्याहत्तर पूर्ण, त्यांपैकी पंचावन्न एकाच छापखान्यात. पगाराच्या कागदावर त्यांचे तिहेरी नाव व्यवस्थित लिहिलेले असे. परंतु ते उच्चारण्याची वेळ कोणावर येत नसे. शिशाचे खिळे जुळवून ओळी बांधण्याच्या काळात ते या धंद्यात आले. पुढे खिळे वितळवून भंगारात गेले, नाव तेवढे मागे राहिले.

साठाव्या वर्षी त्यांनी एक जाडजूड पुस्तक समोर ठेवून संगणक स्वतःचा स्वतः शिकून घेतला. चित्रावर बाण नेऊन टिचकी मारायची ही पद्धत त्यांना पहिल्यापासून पोरकट वाटली. पडद्यावर काळी खिडकी उघडायची, तिच्यात आज्ञा अक्षर न् अक्षर टंकायची, दोनदा वाचायची आणि मगच कळ दाबायची, ही त्यांची रीत. चित्रांच्या फाइली छपाईयोग्य करण्याचे एक विनाशुल्क साधन त्या काळ्या खिडकीतून चालत असे. ग्राहकाने आणलेली बीएमपी चित्रे एका ओळीच्या आज्ञेने छपाईच्या प्रकारात बदलायची, इंचामागे तीनशे ठिपके करायचे, रंग काढून टाकायचे. शंभर चित्रे असोत वा दोनशे, एक ओळ पुरे.

जुनी आज्ञा पुन्हा टंकावी लागू नये म्हणून त्या खिडकीत एक सोय होती. वरच्या बाणाची कळ दाबली की आधीची ओळ आपोआप समोर येई. ही सोय खिळेकाकांनी तेरा वर्षांत एकदाही वापरली नव्हती. "बांधून ठेवलेली ओळ न वाचता पुन्हा लावली, की मागच्या महिन्यातला नवरदेव या महिन्याच्या पत्रिकेत उभा राहतो," असे ते म्हणत. आणि तसे एकदा खरोखरच घडलेले त्यांनी पाहिले होते.

त्या गुरुवारी छापखाना शांत होता. यंत्राचा रूळ नवे रबर चढवण्यासाठी पाठवला होता, त्यामुळे बाहेरच्या खोलीतला रोजचा खडखडाट बंद होता. मागच्या खोलीत संगणक, लाकडी टेबल, भिंतीलगत रिकाम्या शाईच्या डब्यांची उतरंड आणि एकच खिडकी. तिच्यातून दुपारचे ऊन तिरपे येऊन कागदाच्या रिमांवर पडले होते. शाईचा आणि रॉकेलचा वास नेहमीचाच.

हाती काम होते छायाचित्रांच्या पुस्तकाचे. गावात जुन्या काळी स्टुडिओ चालवणारे एक छायाचित्रकार होते. त्यांची सहासष्ट वर्षांची मुलगी वडिलांनी टिपलेल्या चौसष्ट चित्रांचे पुस्तक काढत होती. बाई एकट्याच राहत. काचेच्या मूळ पट्ट्या, म्हणजे निगेटिव्ह, भाच्याने संगणकावर उतरवून दिल्या आणि तो परदेशी गेला. त्यानंतर घर बदलताना पट्ट्यांची पेटी हमालाच्या हातून सुटली आणि काचेचा चुरा झाला. बाकीच्या त्रेसष्ट चित्रांचे जुने कागदी ठसे त्यांच्या कपाटात होते. सदतीस क्रमांकाच्या चित्राचा ठसा वडिलांनी कधी काढलाच नव्हता.

"हे माझ्या आईचं," पेन ड्राइव्ह खिळेकाकांच्या तळहातावर ठेवताना त्या म्हणाल्या होत्या. "मी चार वर्षांची असताना ती गेली. तिचं दुसरं चित्र नाही, आणि याची दुसरी प्रत नाही. खरं सांगू का काका, पुस्तकाचं निमित्त आहे. मला ती एकदा कागदावर पाहायची आहे."

"ताई, मूळ प्रतीला हात न लावणं हा माझा पहिला नियम आहे," काका म्हणाले होते. "आधी नक्कल, मग काम."

त्यांनी ते चित्र उघडून कडा तपासल्या होत्या, उजव्या कोपऱ्यातला बुरशीचा डाग टिपून ठेवला होता, मोजमाप लिहून घेतले होते. चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. "मी डाग पाहतो, माणसं पाहत नाही," हेही त्यांचे एक वाक्य होते, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

छापखान्याच्या मालकीणबाई म्हणजे दिवंगत मालकांची सून. म्हणून काका त्यांना सूनबाईच म्हणत. त्या दुपारी एकच्या सुमारास कागदवाल्याकडे निघाल्या.

"ताई पाच वाजता नमुने पाहायला येणार आहेत," दारातून त्या म्हणाल्या. "नक्कल केलीत ना?"

"डिस्क भरली आहे म्हणतो हा. जागा नाही."

"मग जुनं काहीतरी पुसा की! मतदारयाद्या कधीच्या पडल्या आहेत."

"मी काही पुसत नसतो. थेट पेन ड्राइव्हवरूनच करतो. नवा प्रकार सांगितला की साधन नवी फाइल तयार करतं, जुनी जागच्या जागी राहते. चारशे वेळा केलंय हे काम."

"काका, तुम्ही म्हणजे ना! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला दिवसभर ऐकवलं असतंत."

"दुसरा कुणी म्हणजे मी नव्हे," काका म्हणाले. सूनबाई हसत निघून गेल्या.

सकाळी त्यांनी मुखपृष्ठाचे रेखाचित्र साफ केले होते. पेनाने काढलेला तिपाईवरचा कॅमेरा. कागद पिवळट होता, म्हणून काकांनी आज्ञा दिली होती की पन्नास टक्क्यांहून फिकट ते सारे शुभ्र कर, गडद ते सारे काळे कर, आणि त्याच फाइलवर लिही. रेखाचित्राला ते शोभते. त्याचा कागद टेबलावरच होता. बिघडले असते तर पुन्हा उतरवता आले असते.

आता चौसष्ट चित्रांची आज्ञा टंकायची होती. बोटांचे सांधे सकाळपासून दुखत होते. एक ओळ टंकता येऊ नये इतके मात्र दुखत नव्हते, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केले. त्यांनी वरच्या बाणाची कळ दाबली. एक ओळ आली. लांबी साधारण बरोबर वाटली. त्यांनी शेवटचे फाइलीचे नाव खोडून तिथे 'सर्व बीएमपी' असा अर्थ होणारी खूण घातली आणि कळ दाबली.

ती सकाळची ओळ होती.

यंत्राने काही विचारले नाही. ते कधी विचारत नाही. पेन ड्राइव्हवरचा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि पांढरी रेघ पुढच्या आज्ञेची वाट पाहत उभी राहिली. काकांनी मान वर करून ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. मग चष्मा काढून, पुसून तिसऱ्यांदा वाचली.

चौसष्टही चित्रांतले करडे नाहीसे झाले होते. झाडे म्हणजे काळे ढीग, आकाश म्हणजे कोरा कागद. सदतीस क्रमांक त्यांनी शेवटी उघडला. मागे काळेकुट्ट दार, उंच पाठीची खुर्ची, खांद्यापर्यंत ओढलेल्या शालीची काळी कड, मांडीवर दोन हातांची पुसट आकृती. आणि शालीच्या वर जिथे चेहरा असायला हवा, तिथे स्वच्छ पांढरा डाग. नाक नाही, डोळे नाहीत.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटे झाली होती.

करडे गेले की गेले, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? हा विषय त्यांनी कितीतरी जणांना कंटाळा येईपर्यंत समजावून सांगितला होता. ठिपका काळा तरी असतो किंवा पांढरा तरी. मधले काय होते हे त्याला आठवत नाही. तरीही त्यांनी पुढचा तासभर ते पांढरे पुन्हा करडे करण्याच्या आज्ञा टंकल्या, बुडणाऱ्याने पाण्यालाच धरावे तशा. पांढरे पांढरेच राहिले.

पाच वाजता त्या बाई येतील. त्यांना काय सांगायचे?

आपण नेमके काय करून बसलो, हे पुन्हा एकदा पाहावे म्हणून त्यांनी वरच्या बाणाची कळ दाबली. तासाभरातल्या त्यांच्या सगळ्या आज्ञा एकेक करून मागे सरकत यायला हव्या होत्या. पण पहिल्याच दाबाला जी ओळ आली, ती त्यांची नव्हती.

ती अगदी लहान होती. साधनाचे नाव, मग सदतीस, मग पुन्हा सदतीस. बाकी काही नाही. सदतिसातून सदतीस कर. असल्या आज्ञेला अर्थ नसतो. आहे तेच पुन्हा लिहायचे. काकांनी असे काही टंकले नव्हते. घाबरलेल्या माणसाची बोटे काहीही करतात, असे त्यांनी स्वतःला समजावले. आणि आता बिघडायचे काय उरले होते? त्यांनी कळ दाबली.

हे काम निमिषाचे. पण रेघ परत आली नाही. एक मिनिट गेले, दोन गेली. पेन ड्राइव्हवरचा दिवा लुकलुकत नव्हता. तो मंद होत होता आणि सावकाश उजळत होता, श्वासासारखा. खिडकीतले ऊन रिमांवरून सरकून जमिनीवर आले होते. बाहेरच्या खोलीत यंत्र बंदच होते. तेवढ्या शांततेत काकांना एक वास आला.

आंबट. सिरक्यासारखा, पण त्याहून थंड. तो त्यांनी लहानपणी एकदाच घेतला होता, ओळखपत्रासाठी फोटो काढायला गेले तेव्हा, स्टुडिओच्या काळ्या पडद्यामागून. या छापखान्यात अंधारखोली कधीच नव्हती.

"सूनबाई...?" त्यांनी हाक मारली. उगाच.

पाचव्या मिनिटाला रेघ परत आली. काकांनी सदतीस उघडले.

चेहरा होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई. रुंद कपाळ, हनुवटीवर लहानसा खळगा, आणि उघडे, टपोरे डोळे. ती सरळ समोर पाहत नव्हती. जरा खाली, डावीकडे पाहत होती.

काकांना हायसे वाटले ते इतके, की विचार करायला त्यांना थोडा उशीरच झाला. मग त्यांनी फाइलीचा आकार पाहिला. करडे गेल्यावर जेवढा उरला होता, तो तितकाच होता. करड्याला जागाच नव्हती. चित्र मोठे करत नेले, तेव्हा दिसले की चेहरा नुसत्या काळ्या-पांढऱ्या कणांचा आहे, बारीक रांगोळीसारखा. कणांनी करड्याचा भास निर्माण करता येतो, हे त्यांना ठाऊक होते. मात्र कोणता कण कोठे ठेवायचा, हे सांगणारे कोणी तरी लागते. पांढऱ्या डागाला ते कोणी सांगितले?

त्यांनी तीच आज्ञा छत्तीस आणि अडतीस क्रमांकांना देऊन पाहिली. काही झाले नाही. सदतीसला त्यांनी पुन्हा दिली नाही.

बाई पाचला दहा मिनिटे असतानाच आल्या. काका उभे राहिले. सांगायची वाक्ये त्यांनी मनात नीट जुळवून ठेवली होती. पण बाईंनी पडद्याकडे पाहिले आणि पर्स धरलेला हात तसाच राहिला.

"काका," त्या म्हणाल्या, "डोळे कुणी उघडले?"

"म्हणजे?"

"तुम्ही पाहिलं नव्हतं का हे चित्र?"

"मी... कडा पाहिल्या होत्या. डाग पाहिला होता."

"तिचे डोळे मिटलेले होते," बाई म्हणाल्या. "ती पहाटे गेली. सकाळी बाबांनी तिला खुर्चीत बसवलं, शाल गुंडाळली आणि चित्र घेतलं. तिचं एकही चित्र नव्हतं ना. जगाचे फोटो काढत फिरायचे, घरातलं राहून गेलं. आणि काढलं ते हे. म्हणून त्यांनी ठसा कधी काढला नाही."

काका खुर्चीत बसले. मग त्यांनी सर्व सांगितले. डिस्क भरल्याचे, नक्कल न केल्याचे, बाणाच्या कळेचे, पांढऱ्या डागाचे. एकही शब्द गाळला नाही. पंचावन्न वर्षांत त्यांनी कोणासमोर आपली चूक अशी ओळीने वाचून दाखवली नव्हती.

"त्रेसष्ट चित्रं तुमच्या ठशांवरून मी पुन्हा उतरवून देईन," ते म्हणाले. "पण हे काय झालं ते मला कळत नाही, ताई. तुमच्या आईचं खरं चित्र माझ्या हातून गेलं. हे जे आहे ते... हे ते नाही."

बाईंनी ऐकले की नाही कोणास ठाऊक. त्या पडद्याजवळ वाकल्या होत्या.

"ती कुठे पाहते आहे, कळलं का तुम्हाला?"

"खाली. डावीकडे."

"बाबांच्या तिपाईचा पाय होता तिथे. तो धरून मी उभी होते." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "आई झोपली आहे, आवाज करू नकोस, असं सांगितलं होतं मला. मी नाही केला."

बाई पडद्यापासून सरळ उभ्या राहिल्या.

"ती ओळ दाखवा," बाई म्हणाल्या.

काकांनी दाखवली. बाईंनी पर्समधून किराणा यादीचा कागद काढला आणि त्याच्या पाठीवर ती पेन्सिलीने उतरवून घेतली. "एवढंच? मला वाटलं काही तरी मोठं असेल."

"ताई, ती ओळ मी टंकलेली नाही."

"हो, तुम्ही सांगितलंत," त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी घातली. "पुस्तकात सदतीस घालू नका. ते पान कोरं सोडा. क्रमांक तेवढा छापा."

पेन ड्राइव्ह त्या घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी कपाटातले त्रेसष्ट ठसे आणून दिले. काकांनी ते सुटीच्या दिवशीही येऊन एकेक करून उतरवले, आणि या वेळी दोन-दोन नकला केल्या. मतदारयाद्या त्यांनी स्वतःच पुसल्या. सूनबाईंनी ते पाहिले, पण थट्टा केली नाही.

महिनाभराने पुस्तके तयार झाली. पाचशे प्रती. बाई रिक्षा घेऊन आल्या. त्या ताज्यातवान्या दिसत होत्या, जणू बऱ्याच दिवसांनी पोटभर झोप मिळाली असावी. रिक्षात सगळे गठ्ठे मावेनात. पन्नास प्रती छापखान्यातच राहिल्या.

"भाच्यानं फोनवरून सांगून ते साधन माझ्याकडे बसवून दिलं," गठ्ठे चढवले जात असताना त्या काकांना म्हणाल्या. "रोज सकाळी एकदा ओळ चालवते. एकदाच हं, जास्त नाही."

काकांच्या हातातला सुतळीचा गुंडा खाली पडला. "चालवून काय होतं?"

"आधी बरेच दिवस काहीच होत नव्हतं. मग तिनं मान थोडी उचलली. परवापर्यंत दोन्ही हात मांडीवर होते. आज उजवा हात खुर्चीच्या हातावर आहे."

"ताई, थांबवा हे," काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "मूळ प्रतीवर असं पुन्हा पुन्हा लिहीत नाहीत. मी हात जोडतो. थांबवा."

"अहो काका, इतके दिवस बसलेल्या माणसाला उठताना आधार लागतोच की," बाई हसून म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या. "बाकीच्या प्रती न्यायला येते पुढच्या आठवड्यात."

त्या आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात नाहीत आणि त्याच्या पुढच्याही नाहीत. अखेर एका दुपारी सूनबाईंनी त्यांच्या घरी फोन लावला. काका समोरच बसून मुद्रिते तपासत होते. सूनबाई दोन वाक्ये बोलल्या, आवाज एकदम खाली आणून "बरं, बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" काकांनी विचारले.

"कुणी तरी तरुण बाई. भाची-बिची आली असेल सोबतीला. बरं झालं, एकट्याच असायच्या बिचाऱ्या."

"काय म्हणाली?"

"काही नाही हो. म्हणाली, हळू बोला. आत्ताच झोपली आहे ती, आवाजानं उठेल." सूनबाईंनी दुसरा कागद पुढे ओढला. "सहासष्ट वर्षांच्या बाईला 'झोपली' म्हणते बघा. जशी काही चार वर्षांची पोर आहे."

काकांनी मुद्रिताची ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. नंतर आणखी एकदा वाचली.

त्यानंतर बदलले ते एवढेच. खिळेकाकांनी कळफलकावरील वरच्या बाणाची कळ उपसून काढली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली. चित्र कोणाचेही असो, काम सुरू करण्यापूर्वी ते आता त्यातला चेहरा पाहतात आणि डोळे उघडे की मिटलेले, हे वहीत लिहून ठेवतात. उरलेल्या पन्नास प्रती मागच्या खोलीत तशाच बांधलेल्या आहेत. त्या पोहोचवायला अद्याप कोणी गेलेले नाही.